उंबऱ्याशी राहिलेला कोरा तुकडा

मित्रांनो, पोळपाटाएवढा गोल, काळा आणि एका बाजूच्या ब्रशाचे केस झडलेला असा मी झाडलोट करणारा यंत्रमानव आहे. जन्म कारखान्यात झाला, पण घर मिळाले ते डॅन्यूब नदीकाठच्या रुसे शहरात, राडका आणि एंचो या म्हाताऱ्या जोडप्याकडे. त्यांची लेक कालिना व्हिएन्नात नोकरी करते. आईच्या कंबरेला आराम पडावा म्हणून तिने मला पाठवले.

पहिल्या दिवशी मी नुसते घर पाहिले. माझ्या डोक्यावरच्या बुटक्या टोपीतून एक किरण गरगर फिरतो. तो भिंतीला लागून किती वेळात परत येतो, त्यावरून भिंत किती लांब ते मला कळते. असा मी नकाशा काढला. खुर्ची म्हणजे माझ्यासाठी चार ठिपके. मग आधी कडेकडेने झाडायचे आणि नंतर शेत नांगरावे तसे एकापुढे एक सरळ पट्टे. झाडलेला भाग नकाशात रंगतो. कोरा तुकडा दिसला की मला चैन पडत नाही.

"राडका, बघ कसा भिंत धरून चालतोय," एंचो म्हणाला. "मी लग्नाचं जेवून यायचो तेव्हा अस्साच."

"हा निदान झाडतो तरी. तू दारात बसून गाणी म्हणायचास."

त्या घरात माझे फार लाड झाले. एंचो मला कासव म्हणायचा आणि मी येताना दिसलो की पाय वर घ्यायचा.

मग त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाले की उंबऱ्यावर भांडंभर पाणी ओततात आणि ते सुखरूप पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. झाडले तर त्याची परतीची वाट पुसली जाते म्हणे. एंचो सोफिया शहरातल्या दवाखान्यात पोचला, तरी राडकाने झाडूला हात लावला नाही. तो घरी आल्यावरच झाडायचे, असे तिने मनाशी धरले. माझे बटणही दाबले नाही. त्याच्या बुटांचा चिखल दारात तसाच वाळला.

तिकडे कालिनाने माझा नकाशा तिच्या फोनवर पाहिला, तर घर कित्येक दिवस झाडलेलेच नाही. आई थकली असेल, असे वाटून बिचारीने तिथूनच मला सुरू केले. राडका तेव्हा बाजारात गेली होती. मी कडेकडेने निघालो, पट्टे घातले आणि दारातला चिखलही गिळला. राडका परतली आणि लखलखीत फरशीकडे बघत, हातातली पिशवी खाली न ठेवताच उभी राहिली. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. एंचो गेला होता.

धुळीने कोणाचे मरण ठरत नाही, हे मला समजते. राडकालाही समजत असावे. पण दुःखाला बोट दाखवायला जागा लागते आणि तिचे बोट लेकीकडे वळले.

मेलेल्याच्या नावाने चाळिसाव्या दिवशी वाटायचे उकडलेले गोड गहू शेजारीपाजारी वाटून झाले आणि बापाच्या अंत्यविधीला आलेली कालिना परत निघाली. बॅग टॅक्सीत ठेवून ती निरोप घ्यायला पुन्हा आत आली. तिच्या बुटांचे चिखलाचे ठसे उंबऱ्याशी उमटले.

"आई, जाताना तरी बोल."

"काय बोलू? मला एकदा विचारायचं तरी होतंस."

"आठवलंच नाही गं. तिकडे असलं कोणी पाळत नाही."

"हो, तिकडे बापाचीही आठवण होत नसेल."

कालिना जाऊन टॅक्सीत बसली. उंबऱ्यावर पाणी पडले नाही. टॅक्सी हलताच राडका वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने माझे बटण दाबले. मला फार वाईट वाटले, पण नाही म्हणण्याची सोय मला कोणी दिलेली नाही.

स्वयंपाकघर झाले, खोली झाली, शेवटी मी दाराशी आलो. तेवढ्यात राडका लगबगीने आली आणि त्या ठशांवर उभी राहिली. मी तिच्या सपातांना धडकलो, मागे सरलो, दुसऱ्या बाजूने आलो. ती हलली नाही.

"नको रे कासवा," ती म्हणाली. "एवढं राहू दे." आणि तिथेच खाली बसून ती हमसून हमसून रडली.

तेव्हापासून मी कोपऱ्यात धूळ खात आहे. मायलेकींचे बोलणे बंद आहे. माझा शेवटचा नकाशा कालिनाच्या फोनवर असेल आणि यंत्र बिघडले म्हणून दाराजवळ कोरे राहिले, असे तिला वाटत असेल.

मित्रांनो, आमच्या ब्रशात अडकलेले केस काढत जा, हे तर सांगतोच. पण लांबून बटण दाबण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. आणि कालिना कुठे भेटलीच, तर तिला सांगा, यंत्र बिघडलेले नाही. तिथे तिची आई उभी होती.