शेपूट दिसलं पाहिजे

मार्ग्रीत आंगेंना जगातलं प्रत्येक पक्षिकुळ बघायचं होतं. प्रत्येक पक्षी नव्हे. पक्ष्यांच्या जाती दहा हजारांच्या वर, त्याला एक जन्म पुरत नाही. कुळं अडीचशेच्या आसपास. एकेका कुळातला निदान एक पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, की ते कुळ झालं. नेदरलँड्समध्ये लोकांचे दात काढता काढता त्यांनी निम्मं आयुष्य हेच केलं होतं, आणि आता एकच कुळ उरलं होतं. त्या कुळात पक्षीही एकच, आणि तो आमच्या गावाखालच्या ओढ्यात राहतो.

त्याचं नाव एलाचुरा. मुठीत मावेल एवढा, तपकिरी, अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके. नेच्यांच्या खालून उंदरासारखा चालतो, उडायचा फार आळस. गातो मात्र सकाळपासून. मी पाळण्यात असल्यापासून त्याचं गाणं ऐकत आलेय आणि एकदाही त्याला पाहिलं नव्हतं. विजेच्या खांबातून गुणगुण येते, ती बघायला कोण जातं?

आमच्या घरी पक्षी बघायला येणारे पाहुणे उतरतात. आईचे भाऊ, माझे आशांग नामगे, त्यांना जंगलात नेतात. या वर्षी मी नववीत गेले आणि शाळेच्या सकाळच्या सभेत सगळ्यांसमोर इंग्रजीत भाषण केलं. भाषण छान झालं होतं, हे मला लोकांनी सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून रविवारी मीही आशांगबरोबर जाते. दुर्बीण उचलायला म्हणून नेतात, पण बोलायचं काम मीच करते.

मार्ग्रीत आंगे आमच्याकडे उतरल्या त्याच्या पहिल्याच सकाळी, लाल भात आणि मिरच्यांची एमा दात्शी पुढ्यात असताना, मी विचारलं, "आंगे, त्या पक्ष्याला एकही नातेवाईक नाही म्हणजे काय?"

आमच्यात म्हाताऱ्या बायकांना आंगेच म्हणतात. त्यांना ते आवडलं होतं.

"आधी होते," त्या म्हणाल्या. "आधी त्याला सातभाईंच्या गोतावळ्यात धरत. मग शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त तपासलं, तर कळलं, याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. कुणाशीच नाही. मग त्याला वेगळं कुळ दिलं."

"त्याला कुणी कळवलं का?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

"आमच्याकडे आडनावच नसतं. लामा दोन नावं देतात, संपलं. माझं ल्हादेन यांगझोम, आईचं भलतंच, आशांगचं तिसरंच."

"मग कोण कुणाच्या घरचं ते कसं ओळखता?"

"कोण कुणाकडे न विचारता जेवायला बसतं त्यावरून," मी म्हटलं. आशांग तेव्हा न विचारता तिसऱ्यांदा भात घेत होते.

त्यांनी ताटावरून मान वर केली. "मॅडम, खरी गोष्ट सांगा ना पोरीला. तुम्ही पूर्वी आला होतात तेव्हाची."

मार्ग्रीत आंगे लाल झाल्या. मिरचीने असेल असं मला आधी वाटलं.

गोष्ट अशी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या एका गटाबरोबर याच ओढ्यावर आल्या होत्या. आशांग तेव्हा तरुण होते, कॅम्पवर स्वयंपाक करायचे. ओढ्यावर पाणी भरताना एलाचुरा त्यांच्या पायाजवळून चालत गेला. त्यांनी धावत जाऊन सगळ्यांना बोलावलं. गट आला. आंगे तेवढ्या आल्या नाहीत, कारण समोरच्या झाडावर लाल मानेचा धनेश बसला होता.

"मी काय म्हणाले होते?" आंगेंनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, थँक यू, पण ते सातभाईंपैकीच काहीतरी आहे, आणि माझं ते कुळ झालंय."

आंगेंनी कपाळाला हात लावला. पुढे काही वर्षांनी त्या पक्ष्याला वेगळं कुळ मिळालं, आणि त्यांच्या हिशेबात एक भोक पडलं. मध्ये त्या इतर सगळी कुळं बघून आल्या. आता गुडघे गेलेत, एका डोळ्यात मध्येच धुरकट दिसतं. मुलगी म्हणते, आई, हा शेवटचा प्रवास. आंगेंनी ते मान्य करून टाकलं होतं. म्हणून या खेपेला दिसला तर दिसला.

चार दिवस आशांगने त्यांना ओढ्यावर नेलं आणि चारही दिवस दिसला नाही. पाचवा दिवस रविवारचा होता, म्हणून मी होते, आणि तोच त्यांचा शेवटचा दिवसही. दुपारपर्यंत गेलेफूला आमच्या देशाची सीमा ओलांडून पुढे विमान गाठायचं होतं. ड्रायव्हर रिंझिन वर रस्त्यावर गाडी लावून दोमा, म्हणजे आमचा पानविडा, चघळत बसला होता.

आम्ही ओढ्याच्या पायवाटेवर उभे राहिलो. एलाचुरा गात होता. बारीक काचेचे तुकडे एकावर एक पडावेत तसं, सारखं, न थांबता. इतकं जवळ, की माझी मान आपोआप त्या बाजूला वळली. आशांगचीही वळली. आंगेंची वळली नाही. त्या आमच्या माना बघत होत्या.

तेव्हा मला कळलं. "आंगे, तुम्हाला ऐकू येत नाहीये?"

"इतका बारीक आवाज या वयात कानात शिरत नाही. ओढा ऐकू येतो, तू ऐकू येतेस. तू तर जरा जास्तच येतेस."

"ही मेलेल्यालाही ऐकू येते," आशांग म्हणाले.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. "आशांग, फोनवर त्याचा आवाज वाजवा ना. तो भांडायला बाहेर येईल."

"घरट्याचे दिवस आहेत."

"एकदाच."

"ठरवताना तूच पुढे होतीस ना? बैठकीत भाषण कुणी दिलं होतं?"

मीच दिलं होतं. गावातल्या सगळ्या गाइडनी मिळून ठरवलं होतं, की वसंतात स्पीकर लावायचा नाही, पक्षी अंडी सोडून येतात. आंगेही म्हणाल्या, "नको. पूर्वी मी पुष्कळ वाजवलंय. आता नको."

मग पुन्हा उभं राहायचं आणि नेच्यांकडे बघायचं. वरून नुसता हिरवा गालिचा. पक्षी त्याच्या खाली. आपण गच्चीवर उभं राहून तळमजल्यावरचा माणूस शोधावा तसा प्रकार चालला होता. मला कंटाळा आला की माझं डोकं चालतं. मी पायवाटेवर सरळ पालथी पडले.

"उठ. नेसलेल्या किराला चिखल लागेल, तुझी आई मला बोलेल," आशांग म्हणाले.

पण खालून बघितलं तर सगळं वेगळंच होतं. नेच्यांचे देठ खांबांसारखे उभे, मध्ये मोकळी काळी जमीन, पार ओढ्याच्या दगडांपर्यंत. आत ऊन-सावलीचे बोळ. इथून उंदीर गेला असता तरी दिसला असता.

"आंगे, तुम्ही खाली या."

"मला खाली जाता येईल. वर येता येणार नाही."

"वर आणणं आमचं काम."

मोठ्या सणाला आम्ही शाळेतल्या मुली देवळात, ल्हाखांगमध्ये, म्हाताऱ्यांना दंडवत घालायला मदत करतो. त्याची रीत असते. गुडघ्याखाली चटई द्यायची, एका मुलीने मागून कमरेचा पट्टा धरायचा. म्हाताऱ्यांनी आधी गुडघे टेकायचे, मग तळहात, आणि तळहात पुढे सरकवत सरकवत अख्खं अंग जमिनीला लावायचं. अशी रीत पाळली तर ऐंशीच्या बाईलाही काही होत नाही. मी आशांगचा रेनकोट दुमडून चटई केली आणि आंगेंना तसंच खाली नेलं.

"पक्ष्याला दंडवत," आशांग हळूच म्हणाले. "लामांना कळलं तर?"

"लामा म्हणतील, या बाई निदान कुणाला तरी घालतात," मी म्हटलं.

आंगेंनी हनुवटी हातावर टेकली, चांगला डोळा पुढे केला. मी शेजारी पडले. बोळ अरुंद होता, त्यांच्या डोक्यामुळे मला फक्त त्यांचा कान आणि एक नेचा दिसत होता. पण गाणं मला ऐकू येत होतं. मग मी एक युक्ती केली. आवाज डावीकडे सरकला की त्यांच्या डाव्या कोपराला बोट लावायचं, उजवीकडे सरकला की पाठीवरून हात नेऊन उजव्या. त्यांना लगेच समजलं. माझ्या बोटाबरोबर त्यांची मान हलू लागली.

बराच वेळ गेला. माझ्या मानेवर जळू चढली, ती आशांगने न बोलता काढली. मग आंगेंची मान एकदम थांबली.

"ठिपके," त्या पुटपुटल्या. "छाती. ठिपके आहेत. चोच. दगडामागे गेला."

मी उठून उड्या मारणार होते, पण आशांग खाली बसले आणि म्हणाले, "मॅडम, शेपूट होतं?"

आंगे अजून त्या दगडाकडेच बघत होत्या.

शेपटाचं का विचारलं ते मी सांगते. त्याच ओढ्यात आणखी एक पक्षी असतो. तेवढाच, तसाच तपकिरी, तसाच ठिपक्यांचा, तोही नेच्यांखाली चालणारा. पण त्याला शेपूट जवळजवळ नाहीच, चिंचोक्यासारखा गोल. आणि त्याचं कुळ आंगेंनी केव्हाच पाहिलेलं. पुढून बघितलं तर दोघे भाऊ वाटतात.

"शेपूट दिसलं नाही," आंगे म्हणाल्या.

"गाणं तिथूनच येत होतं," मी म्हटलं. "माझ्या बोटाखालीच. तोच होता, आंगे."

"ते तू ऐकलंस. मी नाही."

"मीही ऐकलं," आशांग म्हणाले. "तोच आहे, मॅडम. धरा तुम्ही. कोण विचारतंय?"

"हेच तर," आंगे जमिनीशी तोंड ठेवूनच म्हणाल्या. "विचारणारं दुसरं कुणीच नाही. मागच्या वेळी न बघता म्हणाले, माझं झालंय. आता अर्धा बघून कसं म्हणू?"

वरून रिंझिनची हाक आली. "आशांग, निघायचं की नाही? वाटेत दरड कोसळली तर विमान नाही मिळायचं."

"आलो," आशांग ओरडले आणि जागचे हलले नाहीत. मग मला म्हणाले, "बोट लाव."

गाणं थांबलं होतं. नुसता ओढा. मी बोट तयार ठेवून पडून राहिले, आणि गप्प बसणं मला जमतं हे मला त्या दिवशी समजलं. रिंझिनने हॉर्न दिला. आशांगने वर बघून अशी नजर टाकली की पुन्हा हॉर्न आला नाही.

मग गाणं सुरू झालं. डावीकडे, लांब. मी बोट लावलं. जवळ. अजून जवळ. मग एकदम समोर. डाव्या कोपरावर ठेवू की उजव्या ते मला कळेना, म्हणून दोन्हीकडून दाबलं.

आंगे हलल्या नाहीत. मी त्यांच्या कानाकडे बघत होते. तो कान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळला, कुणी रस्ता ओलांडताना आपण बघतो तसा.

"शेपूट," त्या म्हणाल्या.

आशांग म्हणाले, "कसं?"

"तांबूस. काळे आडवे पट्टे. पंखांवर पण. जरा खाली पाडलेलं. एक नेचा ओलांडून गेला, सगळाच्या सगळा. आधी चोच, मग ठिपके, मग शेपूट."

"झालं मग," आशांग म्हणाले. त्यांनी खिशातून दोमा काढून तोंडात टाकला. चार दिवस ओढ्यावर त्यांनी दोमा खाल्ला नव्हता.

आंगे तशाच पडून राहिल्या. मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "आता मला उठवा, गुडघा अडकलाय." ल्हाखांगमध्ये उठवायचीही रीत असते, पण तिथल्या म्हाताऱ्या हलक्या असतात. आशांगने एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि त्यांना कसंबसं उभं केलं. हनुवटीला, बाह्यांना, सगळीकडे चिखल.

"तुला दिसला ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. तुमचं डोकं मध्ये होतं."

त्यांचं हसणं थांबलं. "मी सरकायला हवं होतं."

"सरकला असतात तर पळाला असता. मी इथेच राहते, आंगे, मला पुष्कळ रविवार आहेत. पण तुम्ही त्याचं गाणं कधीच ऐकलं नाही?"

"कधीच नाही. पूर्वी कान बरे होते, तेव्हा धनेश बघत होते."

मग चढावर, गाडीकडे जाताना, मी त्यांना ते तोंडाने शिट्टी वाजवून दाखवलं. तो गातो तेवढं बारीक नाही. ते मला येतही नाही आणि त्यांना ऐकूही गेलं नसतं. खूप खालच्या पट्टीत, सावकाश, एकेक तुकडा सुटा करून. आंगे थांबल्या आणि मान तिरकी करून ऐकत राहिल्या.

"चुकीचं आहे," आशांग मागून म्हणाले. "तिसरा सूर वर जातो."

"मग तुम्ही वाजवा."

"तोंडात दोमा आहे."

"मग गप्प बसा," मी म्हटलं, आणि तिसरा सूर वर नेला.

आंगे म्हणाल्या, "परत." रिंझिनने गाडीचं दार उघडून धरलं होतं. मी परत वाजवलं.