दाराशी थांबलेली खुर्ची

मी इस्पितळातली एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो. आधीच सांगते, माझे डावे चाक पहिल्यापासून हट्टी आहे. सरळ ढकलले तरी मी डावीकडेच जाते. नवी होते तेव्हा माझ्या चकचकीत दांड्यांचे केवढे कौतुक झाले! पुढे दुसऱ्या खुर्च्या आल्या आणि मी नावडती झाले. फक्त आयामावशी मला उजवीकडे जरा रेटा देऊन नीट चालवत. त्यांचा एक नेम होता. पेशंटला ऑपरेशनला नेले की रिकामी खुर्ची परत न्यायची नाही. आपली शाल माझ्यावर टाकून त्या मला ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशीच उभी करत.

एके सकाळी चिमी माझ्यावर बसली. तिच्या हृदयाचे ऑपरेशन होते. आईबाप नसलेली ही पोर काकूकडे वाढत होती. आम्ही निघणार तोच सामानघराचे साहेब आले.

"मावशी, ही खुर्ची आज भंगारात जाणार. हिचा काय उपयोग?"

"पोर बाहेर येऊ दे, मग बघू," म्हणत मावशींनी मला पुढे ढकलले.

चिमीचे हात गार पडले होते. "माझा तरी काय उपयोग, मावशी? काकू म्हणते, माझं सगळं तिलाच निस्तरावं लागतं. मी परत नाही आले तर सुटेल ती."

मला काळीज नाही, तरी धस्स झाले.

मावशी तिच्यासमोर खाली बसल्या. "उपयोग सामानघरवाले बघतात, बाळा. देव नाही बघत. त्यानं तुला घडवलंय, तू त्याची आहेस. तो आत तुझ्यासोबत असेल आणि बाहेरही थांबेल, या खुर्चीसारखा."

"खरंच?"

"न कंटाळता."

चिमीने डोळे मिटले. "देवा, मी तुझीच आहे ना? मग माझा हात धर." हळूहळू तिची मूठ सैल झाली. तिला आत नेले, दार बंद झाले आणि मावशींनी शाल माझ्यावर टाकली.

ते शब्द मीही घोकत राहिले. दारावरचा लाल दिवा विझेना. मध्येच एक नर्स धावत बाहेर आली आणि रक्ताची पिशवी घेऊन आत पळाली. बाहेर बाकावर बसलेल्या चिमीच्या काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींना दुसऱ्या वॉर्डात बोलावणे आले, आणि नेमके तेव्हाच साहेब हमालांना घेऊन आले. त्यांनी शाल बाकावर भिरकावली. माझी चाके फिरू लागली. देवा, मीही तुझीच ना?

"हात लावू नका!" काकू ओरडल्या. "आमची पोर आत आहे. ती येईपर्यंत ही हलायची नाही."

"अहो बाई, ही सरळ चालतसुद्धा नाही."

"असू दे. आमचीही हट्टीच आहे."

साहेब हमालांना घेऊन परत गेले. काकूंनी शाल पुन्हा माझ्यावर टाकली आणि माझी दांडी धरून त्या रडू लागल्या. "देवा, मी तोंडानं फटकळ आहे. पण ती माझी आहे, हे तिला सांगायला वेळ दे."

अखेर दिवा विझला. चिमी स्ट्रेचरवर बाहेर आली. अर्धवट उघडल्या डोळ्यांनी तिने मला पाहिले, मग माझ्या दांडीवरचे काकूंचे हात पाहिले.

"थांबलीस?" ती पुटपुटली.

"मग काय, माझ्या लेकीला सोडून जाणार होय?"

आज मी भंगाराच्या आवारात आहे, मित्रांनो. डावे चाक निखळले आहे. तरी मी स्वतःला टाकाऊ म्हणत नाही. मी ज्याची आहे, तो उपयोग संपला म्हणून उठून जात नाही. तुमच्या घरातही कुणी गप्प बसून स्वतःला ओझे समजत असेल. तू आमचा आहेस, एवढे त्याला सांगा. दार बंद होण्याआधी सांगा.