उल्जाननं माती धुतली

दोन मार्च कोरडे गेल्यावर या मार्चमध्ये कालव्याला पाणी आलं आणि उल्जाननं फावडं घेऊन अंगणामागच्या वाफ्याचं तोंड उघडलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? अमूदर्या नदीच्या या टोकाला पोरगी सासरी येते तीच माती धुवायला शिकून. हिवाळाभर वर आलेला पांढरा खार पेरणीआधी पाण्यात बुडवून खाली घालवायचा. तीनदा भरायचं, तीनदा जिरवायचं. न धुतलेलं शेत म्हणजे न विंचरलेलं डोकं, असं तिची सासू म्हणायची.

तिसरं पाणी जिरत होतं, तेवढ्यात नुकुस शहरातल्या प्रयोगशाळेतली सर्बिनाझ फाटकातून आत आली. नमुन्यांची पेटी हातात तशीच धरून उभी राहिली.

"आपा, हे काय केलंत?"

"धुतली. बघ, कशी काळीभोर दिसतेय!"

"अहो आपा, मातीतल्या त्या जिवांना खारच लागतो ना!"

उल्जानच्या हातातलं फावडं आपोआप खाली टेकलं.

घरामागे फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी होती. कापसावर मारायचं औषध तिथं पिंपांनी उतरायचं. तिचा नवरा सापार तिथं हमाल. रिकामी पिंपं सगळं गाव घरी आणायचं. कुणी पाणी साठवी, कुणी कोंबड्या कोंडी. सापारनं दोन पिंपं वाफ्याच्या कडेला पुरली आणि त्यातल्या पाण्यावर खरबुजं पिकवली. अशी खरबुजं की कापली की तीन घरं पलीकडे वास जाई. पुढे गावाजवळचा समुद्र आटत दूर गेला. पिंपं सडून मातीत मिसळली. मग सापारही गेला. मागे राहिलं चहाच्या डब्यात त्याच्या हातचं मूठभर बी, आठ वर्षांपूर्वीचं.

लेक मिरीगुल दूर अक्ताऊ शहरात. नात आयसुलू सहा वर्षांची झाली, पण या अंगणात तिचं पाऊल पडलं नव्हतं. मातीत विष आहे असा कागद आला तेव्हा मिरीगुल आईला फोनवर रडत म्हणाली होती, "शेशे, माती साफ झाल्याचा कागद आला की त्याच उन्हाळ्यात येते. पोरीला आजोबांच्या बियाचं खरबूज खायचंय."

तेव्हापासून पीठ मळताना उल्जान पुटपुटायची:

*दर्या गेला दूर, होडी ठेवून वाळूवरी,*
*लेक गेली दूर, बाहुली ठेवून फळीवरी.*

दोन वर्षांपूर्वी सर्बिनाझनं सुकलेल्या समुद्राच्या तळावरून पांढरी माती आणून वाफ्यात मिसळली. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते. जिथं काटासुद्धा उगवत नाही तिथं ते मजेत राहायचे आणि विष थोडं थोडं कुरतडायचे. गेल्या शरदात सर्बिनाझ नाचतच आली होती: अर्धं विष उतरलं!

"माझंच चुकलं," ती आता वाफ्याकाठी उकिडवी बसली होती. "ओल ठेवा एवढंच सांगितलं. धुवू नका, हे सांगायचं सुचलंच नाही. माझी आईसुद्धा याच आठवड्यात धुतेय, तरी नाही सुचलं."

भिंतीवरून शेजारच्या पेर्देबायचं डोकं वर आलं. उल्जानची साठी उलटली तरी तो तिला सूनबाईच म्हणे.

"वा सूनबाई! पाहुण्यांना जेवायला बसवलंस आणि त्यांच्या ताटातलं मीठच पळवलंस?"

"तुम्ही आधी तुमच्या तोंडातलं तंबाखूचं शेवाळ धुवा, आगा."

डोकं हसत खाली गेलं. उल्जानला मात्र हसू आलं नाही.

"आता किती दिवस?"

"दिवस नाहीत आपा. तीन वर्षं तरी. तेसुद्धा जिवंत जीव पुरेसे मिळाले तर."

तीन वर्षं डब्यातलं बी थांबणार नव्हतं. आणि आयसुलू तोवर नऊची होणार.

उल्जाननं फावडं बाजूला ठेवलं. मग भिंतीच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक खड्डा होता. समुद्र दाराशी होता तेव्हा सासू त्यात मासे खारवायची. चाळीस वर्षं झाली, तिथं गवताची काडी उगवली नव्हती.

"इथलं नको बघायला?"

सर्बिनाझ उठून खड्ड्याशी आली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, शरदात उरलेल्या पांढऱ्या मातीची बादली मी इथंच तर रिकामी केली होती!"

तिनं खड्ड्यातला नमुना नेला, आठवड्यानं तिचा फोन आला. ओळखबिळख न देता ओरडली, "आपा, नुसते बुजबुजलेत!"

मग उल्जाननं वाफ्याच्या मधोमध बांध घातला. आयुष्यभर जो खार तिनं बाहेर घालवला, तोच त्या जिवांसकट खड्ड्यातून ओच्यात भरून एका बाजूला पसरला. मूठ उघडताना दर वेळी बोटं आखडायची. सासू बघत असती तर? दुसऱ्या, धुतलेल्या बाजूला तिनं मे महिन्यात सापारचं सगळं बी लावलं.

"खायचं नाही हं, आपा," सर्बिनाझनं बजावलं. "हा वेल मातीतलं सगळं पितो."

"बियासाठी लावतेय. नवं बी मिळालं तर आणखी आठ वर्षं थांबेल."

एकच वेल उगवला. त्याला एकच खरबूज धरलं.

ऑगस्टच्या दुपारी तिनं फोन उशीला टेकवून ठेवला आणि सुरी घातली. करकर आवाज झाला. वास आधी अंगणात पसरला, मग घरात शिरला. खुंटीवरच्या सापारच्या टोपीपर्यंत गेला असावा. भिंतीवर पेर्देबायचं डोकं वर आलं. दाव्याला बांधलेली शेळी मान ताणून ओढू लागली.

"शेशे," पडद्यावर मिरीगुलचे डोळे भरले होते, "तोच वास आहे?"

"तोच."

मागून आयसुलू पुढे घुसली. "आजी, गोड आहे का?"

उल्जानच्या बोटावरून रस ओघळत होता. तिनं बोट ओच्याला पुसलं, नीट, दोनदा.

"मी कुठं चाखलंय? तू ये आणि तूच सांग."

बी धुऊन तिनं फडक्यावर वाळत घातलं. गर पेटीत बंद करून तपासणीसाठी नुकुसला पाठवायला ठेवला. मग बांध ओलांडून वाफ्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. वाकून पाहिलं. उन्हात खाराची पांढरी साय धरू लागली होती. तिनं झारीतलं थोडंसं पाणी शिंपडलं. ओल राहील एवढंच.