इनायतच्या वाट्याचं काम

पडदा काळा झाला तेव्हा हाजराचा हात कीबोर्डच्या वर, हवेतच राहिला. अर्धं झालंय, थोडंच राहिलंय, असं ती कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर बसलेल्या गुणवंतरावांना सांगत होती, तेवढ्यात ट्यूबलाइट विझली, पंखा मंदावला आणि टेबलावरचं यंत्र गप्प झालं.

पहिल्यांदा तिला वाटलं, लाईट गेली. आरमोरीत त्यात नवल ते काय! पण भारनियमनाची वेळ उलटल्यावरच तिनं हे काम हातात घेतलं होतं. तिनं दाराबाहेर पाहिलं. समोर वामनरावांच्या कापड दुकानात पंखा मजेत फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यानं टांगलेली लुगडी हलत होती. म्हणजे वीज फक्त इथलीच गेली होती.

दुकानामागच्या घरातून पाय घासत तिचा नवरा, इनायत, आला. त्याचा उजवा हात पोटाशी दुमडलेला होता.

"मेन स्विच बंद करून देल्लं. पहाडीकडं गडगडून राह्यलं," असं म्हणून तो अर्ध्या चेहऱ्यानं हसला. उरलेला अर्धा लकवा मारल्यापासून हसत नव्हता.

घरात दोघं हिंदीतच बोलत, पण गिऱ्हाईक बसलेलं असलं की त्याला परकं वाटू नये म्हणून इकडचं मराठी.

काम तसं नाजूक होतं. गुणवंतरावांची लेक मयुरी सासर सोडून माहेरी आली होती आणि गावात घरूनच टायपिंग, छपाईची कामं करून स्वतःच्या पायावर उभी राहत होती. तिच्या कॉम्प्युटरसाठी मोठी हार्ड डिस्क आणली, तर त्यातला जुना मदरबोर्ड त्या डिस्कला ओळखच देईना. मदरबोर्डावर एक लहानशी चिप असते. यंत्र जागं झालं की पहिला धडा तिच्यातूनच वाचतं. तो जुना धडा पुसून फ्लॉपीवरून नवा लिहायचा, एवढंच हाजरा करत होती. पण पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये वीज गेली तर जुना धडाही नसतो आणि नवाही नसतो. यंत्र मग जागंच होत नाही. दुकानातल्या यूपीएसची बॅटरी बसलेली, नवी चंद्रपूरहून यायची होती. आभाळ स्वच्छ दिसलं म्हणून हाजरानं धीर केला. इनायत आत झोपला होता, म्हणून त्याला सांगितलं नाही. झोपमोड कशाला करायची, असा तिनं मोठा शहाणपणाचा विचार केला होता.

गडगडलं की मेन बंद करा, हे अख्ख्या बाजाराला इनायतनंच शिकवलं होतं. वैशाखात या जंगलपट्टीत विजा कोसळतात आणि तारेतून आलेला एक झटका कॉम्प्युटरचा कोळसा करून टाकतो. लोकांनी धडा इतका मनावर घेतला की सुरुवातीला वामनराव नुसता ढग दिसला तरी दुकान अंधारात बुडवून बसत. पुढे लकव्यानं इनायतचा हात गेला आणि दुकान हाजराच्या अंगावर आलं. त्याच्याशेजारी बसून ती बरंच शिकली होती, निभावून नेत होती. त्यानं फक्त एक काम मागून घेतलं: मेन माझ्याकडे. तेव्हापासून जेवता जेवता गडगडलं तरी तो ताटावरून उठायचा, भिंत धरत धरत जायचा आणि डाव्या हातानं खटका खाली ओढायचा. परत येताना त्याची मान जरा ताठ असायची. ती मान पाहण्यासाठी हाजरा मुद्दाम जागची हलत नसे.

आज त्याच्याच खटक्यानं यंत्र गेलं हे त्याला कळलं तर ती मान पुन्हा वर होणार नाही, एवढं एकच तिच्या मनात आलं.

ढग सरला. इनायतनं जाऊन मेन चालू केलं. हाजरानं यंत्राचं बटण दाबलं. पंखा घरघरला, पण पडदा काळाच. तिनं पुन्हा दाबलं.

"मेन बंद कराच्या आधीच लाईट गेली होती ना भाऊ, म्हणून अटकलं असंन," ती गुणवंतरावांना म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे जरा मोठ्यानंच म्हणाली.

गुणवंतरावांनी समोरच्या फिरत्या पंख्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

इनायत दारातच थबकला होता. यंत्र जागं होताना 'टुक' असा आवाज येतो. तो आला की इनायतला मनातून बरं वाटे. आज आवाज आला नाही. तो टेबलाजवळ आला. फ्लॉपीच्या खाचेत अडकलेली फ्लॉपी त्यानं पाहिली आणि काय झालं ते ओळखलं. डाव्या हातानं त्यानं टेबलाची कड धरली. हाजरा त्याला बसवायला धावली, तर त्यानं मान हलवून तिला थांबवलं.

"लाईट नाई गेली भाऊ," तो म्हणाला. "म्या बंद केली."

"मंग मयुरीचं सारं गेलं का?" गुणवंतराव बाकावरून उठलेच.

तिचं काम डिस्कमध्ये शाबूत आहे, मेला तो फक्त बोर्ड, असं इनायतनं त्यांना समजावलं. मग हाजराकडे न बघता तो म्हणाला, "आता मेन तूच पाहत जाय."

हाजराला रडू आलं. चूक तिची होती, न सांगितल्याची होती, हे तिनं तिथंच बोलून दाखवलं. इनायतनं ऐकलं, पण त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या दुकानाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरकडे लागलं होतं. मयुरीचा आणि हा, दोन्ही बोर्ड त्यानं नागपूरहून एकाच खेपेला आणले होते. दुकानाच्या बोर्डावर नवा धडा त्यानं स्वतःच लिहिला होता, उजवा हात चालत होता तेव्हा. त्या हातानं केलेलं ते शेवटचं काम.

"हा काढून मयुरीले देऊ," तो म्हणाला.

"आपलं दुकान?" हाजराच्या तोंडून निघून गेलं. सगळी दुरुस्ती त्याच यंत्रावर तपासून व्हायची.

"तिचंबी दुकानच हाये."

तो भिंतीला टेकत खाली बसला. हाजरानं कॉम्प्युटर त्याच्यापुढे ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला, तर त्यानं डावा हात पुढे केला. तिनं तो त्याच्या हातात दिला. पहिल्याच स्क्रूवरून पातं घसरलं आणि कॉम्प्युटरचा डबा फरशीवर सरकला. पुन्हा लावलं, पुन्हा सरकला. हाजराचे हात शिवशिवत होते. तिनं ते पदरात घट्ट गुंडाळले.

गुणवंतरावांनी टोपी काढून बाकावर ठेवली, धोतर सावरून ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि डबा दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांना घरी जायची घाई होती, पण ती त्यांनी बोलून दाखवली नाही. पातं खाचेत बसेपर्यंत ते तसेच डबा धरून राहिले.