पॉकेट्सची टोपी

आमच्या हॉलिवूडच्या स्टुडिओत एक नियम होता, आणि तो व्हर्लिन हॅस्केटने स्वतःच घातलेला. ती चेपलेली टोपी डोक्यावर चढली की हॅस्केटसाहेब संपले. उरला तो पॉकेट्स, रिकाम्या खिशांचा भटक्या. मग त्याला खऱ्या नावाने हाक मारायची नाही, आणि तो काहीही बोलला तरी भटक्याला देतात तसंच उत्तर द्यायचं. एकदा प्रायोजक चुकून 'मिस्टर हॅस्केट' म्हणाला, तर या बाबाने त्याच्याकडे सिगारेटचं थोटूक मागितलं.

नऊ वर्षं दर मंगळवारी मी त्याच्या तोंडाला रंग लावला. जाळलेल्या बुचाच्या काजळीने काढलेली दाढी, लाल नाक. देशभरची पोरं टीव्हीसमोर बसून त्याच्यावर जीव टाकायची. मीही टाकायचे, आता लपवून काय करू?

त्या मंगळवारी त्याचा चेहरा मातकट दिसत होता, ओठ निळसर. जागरण झालं असेल म्हणून मी नेहमीपेक्षा जाड थर दिला. माझं कामच ते. कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवला जायचा. पाच मिनिटं उरली असताना टोपी चढवून तो उठला आणि हळूच म्हणाला, "इर्मा, डावा हात बधिर झालाय गं. डॉक्टरला बोलाव."

मी ब्रश पुसत होते. वर बघितलंसुद्धा नाही.

"भिकारड्या, तुला कुठला डॉक्टर? जा, बाकावर जाऊन पड."

तो टोपीला हात लावून झुकला आणि "बाईसाहेबांची कृपा" म्हणून गेला. टोपी काढून बोलला असता तर मी धावत सुटले असते. तेवढंच करायचं होतं त्याने.

शेवट दर आठवड्याला तोच. पॉकेट्स बागेतल्या बाकावर आडवा होतो, तोंडावर वर्तमानपत्र ओढतो आणि घोरण्याने कागद उडत राहतो. त्या दिवशी कागद हललाच नाही. स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांना वाटलं, ही नवी गंमत. पोट धरधरून हसले मेले.

कार्यक्रम संपला तरी तो उठेना. कामगार त्याला, ऊठ रे पॉकेट्स, घरदार नाही का तुला, म्हणून चिडवत होते. टोपी अजून डोक्यावर होती ना.

मी धावले. आधी टोपी काढली.

"हॅस्केटसाहेब, अहो, बोलावते हं डॉक्टरला."

रुमालाने रंग पुसला. रंगाखालचे ओठ काळेनिळे पडले होते, आणि ते मीच झाकले होते.