आईचा कर

माझे बाबा पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, एकदा तर तुरुंगाचीही. अक्षरं आधी खडूने आखावी लागतात, ती आई आखते. बाबा त्यात रंग भरतात, तो वाळला की फडक्याने खडू पुसतात आणि कोपऱ्यात सही ठोकतात. सही अर्थातच बाबांची.

यंदा व्यवसाय कराची नोटीस आली ती दुप्पट रकमेची. अक्षरं आखणं आणि रंगवणं हे दोन धंदे धरून कुणीतरी दोन्ही बाबांच्या माथी मारले होते. बाबांचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर. मी घरची वकील, माझी फी म्हणजे चहा. मी त्यांना समजावलं, की राज्याला धंद्यावर कर लावता येतो, पण घटनेनेच त्याला लगाम घातलाय. एका व्यक्तीचे धंदे कितीही असोत, तिच्याकडून वर्षाला ठरल्यापेक्षा जास्त घेता येत नाही. बाबांची मर्यादा पहिल्याच रकमेत संपत होती. ते खूश झाले. "कर नाही त्याला डर कशाला," हा विनोद त्यांनी दारात येईल त्याला ऐकवला.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आईने विचारलं, "त्यातली व्यक्ती म्हणजे कोण गं? मी येते का त्यात?"

मी म्हटलं, तुला वेगळं मोजलं तर दुसरा कर तुझ्यावर बसेल आणि केस हातची जाईल. उद्या आपली गप्प बसून राहा. आई "बरं" म्हणाली आणि बोटांचा खडू फडक्याला पुसत राहिली. ते "बरं" मला अजिबात आवडलं नाही.

सुनावणीत अधिकारी बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. नोटीस चुकलीच, असंही त्या म्हणाल्या. पण मर्यादा माणशी असते, तेव्हा आखणं आणि रंगवणं ही दोन्ही कामं तुम्हीच करता ना, एवढंच त्यांनी बाबांना विचारलं. "हो" म्हटलं की आम्ही सुटलो. मी टेबलाखालून बाबांना कोपर मारलं.

बाबा आईकडे बघत होते. ती खाली मान घालून नखातला खडू काढत होती.

"नाही," बाबा म्हणाले. "खडू हिचा. मला साधी रेघ सरळ मारता येत नाही. मी आपला हिच्या अक्षरांत रंग भरतो."

केस हरण्याची मला सवय आहे, पण आपल्याच अशिलाकडून नाही. मी जिन्यातच त्यांना झापायला सुरुवात केली. तर बाबा हळूच म्हणाले, "अगं, हो म्हटलं असतं तर ही कधी नव्हतीच, असं झालं असतं." मग माझा राग गेला आणि रडूच आलं.

कर भरायला आई एकटी गेली. परत आली, पावतीवरचं आपलं नाव पुन्हा वाचलं आणि बाबांना म्हणाली, "आता मलाही कर आहे. डर मात्र नाही."

बाबा आमच्याच दुकानाची पाटी उतरवून बसले होते. आपल्या नावाशेजारी तिचं नाव त्यांनी स्वतः खडूने आखलं, आणि ते व्हायचं तसंच झालं, पार तिरकं. आईने पुसायला फडकं उचललं, जरा थांबली, मग ब्रश मागितला आणि होतं तसंच रंगवलं.

आमच्या पाटीवर सगळी अक्षरं सरळ आहेत, फक्त आईचं नाव सोडून.