कानाडोळा

मित्रांनो, माझे नाव जिभेला जरा जड आहे. स्टेथोस्कोप! दवाखान्यात येणारी मुले मला सरळ 'डॉक्टरकाकांची नळी' म्हणतात आणि मला तेच बरे वाटते. मी आता जुना झालो आहे. माझी रबरी नळी कडक झाली आहे, गोल चकतीची चमक गेली आहे. पण चकतीवरचा पडदा अजून शाबूत आहे.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे सगळे भाग जोडल्यावर तिथल्या कारागीर बाईंनी मला कानांना लावले, पडद्यावर टिचकी मारली आणि मान डोलावली. माझी परीक्षा तिथेच संपली. डॉक्टरांचे मात्र तसे नसते. पदवी मिळाली तरी त्यांना वैद्यक परिषदेचा परवाना लागतो आणि तो दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. तुम्ही नवे काय शिकलात, तुमच्याबद्दल तक्रार आहे का, रुग्ण तपासण्याइतकी तुमची स्वतःची तब्येत ठीक आहे का, असे सगळे तेव्हा विचारतात.

माझे डॉक्टर म्हणजे घराघराचे डॉक्टर. आजोबांचा दमा, सुनेचे बाळंतपण, नातवाचा ताप, सगळे त्यांना तोंडपाठ. लहान मूल समोर आले की ते माझी चकती आधी तळहातावर चोळून ऊबदार करत आणि विचारत, "गार नाही ना लागत?" छातीत काही वेगळा आवाज असला की तो माझ्या नळीतून वर जाई आणि त्यांची बोटे चकतीवर क्षणभर थांबत. तेवढ्यावरून मला कळे, की पोहोचला आवाज.

मग हळूहळू ती बोटे थांबेनाशी झाली.

एकदा आमच्या गल्लीतले शिंपीदादा कण्हत आले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "दातवाल्याकडे जा, मी चिठ्ठी देतो."

"अहो डॉक्टर, पाठ दुखतेय, पाठ! दात कुठला काढलात? आता पाठीला कवळी बसवू का?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. मला मात्र हसू आले नाही.

त्यानंतर एक खोकणारी मुलगी आली. डॉक्टरांनी मला तिच्या पाठीवर टेकवले. उजवीकडे, खालच्या बाजूला, कानाशी केस चोळावेत तशी बारीक चरचर होती. मी ती जशीच्या तशी वर पाठवली. बोटे थांबली नाहीत. "छाती साफ आहे," डॉक्टर तिच्या आईला म्हणाले. "साधा खोकला आहे."

दोन दिवसांनी मुलीला मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. तिला न्यूमोनिया झाला होता. ती वाचली, पण तिची आई तडक दवाखान्यात आली.

"साफ आहे म्हणालात ना? तुमच्या शब्दावर मी घरी बसून राहिले हो!"

डॉक्टर उभे राहिले. "चूक माझी आहे, बाई. तुमची नाही."

ती गेल्यावर त्यांनी मला स्वतःच्या छातीवर ठेवले. ते जागा बदलून बदलून पाहत होते, मी आवाज पाठवत राहिलो. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, "ऐकूच येत नाही."

नेमका त्याच महिन्यात परवाना नवा करायचा होता. अर्जातल्या तब्येतीच्या प्रश्नापुढे 'ठीक आहे' असे लिहायचे की नाही, एवढेच उरले होते. डॉक्टरांच्या पत्नी जवळ येऊन बसल्या.

"अहो, कोण तपासायला येतंय? लिहा ठीक आहे म्हणून. कानाला यंत्र लावू, भागेल. दवाखाना बंद झाला तर तुम्ही दिवसभर करणार काय?"

"अगं, याला कानाडोळा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "कान तर गेलेच आहेत. डोळा तरी उघडा ठेवू दे."

त्यांनी खरे ते लिहिले. परिषदेचा निर्णय येईपर्यंत कोणाला तपासायचे नाही, असे स्वतःच ठरवले आणि दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगितले. शिंपीदादा रागावले. "कान गेले म्हणून काय झालं? तुमच्या हाताला गुण आहे!"

"गुण असता तर ती पोर रुग्णालयात गेली असती का?" डॉक्टर म्हणाले.

परिषदेने डॉक्टरांच्या कानांची तपासणी करवून घेतली आणि ठरवले, की त्यांनी सल्ला द्यावा, पण छाती तपासण्याचे काम दुसऱ्या डॉक्टरांनी करावे. म्हणून एक तरुण डॉक्टर बाई दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी मला गळ्यातून काढले, पुसले आणि त्यांच्या हाती दिले.

काही दिवसांनी तीच मुलगी पुन्हा दाखवायला आली. बाईंनी मला तिच्या पाठीवर टेकवले आणि खालच्या बाजूला त्यांची बोटे थांबली. मित्रांनो, किती दिवसांनी मी ते अनुभवत होतो!

"अजून थोडी चरचर आहे. औषध बंद करू नका," बाई म्हणाल्या.

मुलीच्या आईने सवयीने डॉक्टरांकडे पाहिले.

"त्यांचं ऐका," डॉक्टर म्हणाले. "त्यांना ऐकू येतं."

मित्रांनो, माझी नळी ताणू नका, पडद्यावर पेन टोचू नका, हे तर मी सांगणारच. पण एक गोष्ट त्याहून मोठी आहे. तुम्ही पुढे कोणीही व्हा. ज्या दिवशी तुम्हाला ऐकू येणार नाही, त्या दिवशी मान डोलावू नका. 'मला ऐकू आलं नाही,' असे मोठ्याने सांगा. समोर कोणाचे तरी मूल बसलेले असते.